अंतहीन ऑगस्टची कैफियत

एकाच कथाभागाच्या पुनरावृत्तीने रसिक किती व्यथित होऊ शकतो, याचा सर्वांत ठळक दाखला म्हणून ‘द मेलन्कली ऑफ हारुही सुझुमिया’ या ॲनिमे मालिकेतील ‘एंडलेस एट’ प्रकरणाची हकीकत येथे नमूद करतो.

नागारू तानिगावा यांच्या कथेवरून क्योटो ॲनिमेशनने २००९ च्या जून ते ऑगस्टमध्ये सलग ८ भाग सादर केले. त्यांत १७ ते ३१ ऑगस्ट हा पंधरवडा १५,५३२ वेळा पुनःपुन्हा घडतो आणि जवळजवळ सहा शतकांची ती स्मृती एकट्या युकी नागातो या पात्राच्या वाट्याला येते.

प्रत्येक भाग नव्याने रेखाटलेला, संवाद नव्याने ध्वनिमुद्रित, वेशभूषा आणि दृश्यकोन भिन्न. तथापि आठवड्यामागून आठवडा शेवटाची प्रतीक्षा करणाऱ्या प्रेक्षकांना तोच जलतरण तलाव आणि तोच उत्सव पाहावा लागला, आणि राहिलेला गृहपाठ मित्रांनी एकत्र बसून पुरा करताच ते चक्र थांबले.

आमच्या नंदुरबारच्या सातपुड्यात काठी गावची राजवाडी होळी वर्षानुवर्षे त्याच परंपरेने पेटते, तरी कोणी कंटाळत नाही, कारण तेथे मनुष्य स्वतः नाचतो. पडद्यासमोर बसलेल्यास मात्र तो सहभाग लाभत नाही, म्हणून त्यास कथेची प्रगती हवी असते. नागातोचे एकाकीपण जाणवण्यासाठी पुनरावृत्ती आवश्यक होती, हे मला मान्य आहे. परंतु त्यासाठी तीन भाग पुरेसे होते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आपलाही अभिप्राय अवश्य कळवावा.