दीड फूट पाणी आणि एक टनाची मोटार

पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचले की वाहनचालकांचे दोन वर्ग पडतात. एक थांबतो. दुसरा पुढच्या गाडीकडे पाहतो, 'ती गेली, मग आपलीही जाईल' असा हिशेब करतो आणि पाण्यात शिरतो. हा हिशेब बहुतेक वेळा बरोबर ठरतो, आणि त्यामुळेच तो धोकादायक आहे. एक टन वजनाची मोटार पाण्यात कशी काय वाहून जाईल, हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात सापडते. बल, घर्षण, दाब आणि प्लावकता हे चार धडे परीक्षेपुरते वाचून विसरले जातात. पूरपाण्यात सापडलेल्या मोटारीला मात्र हे चारही धडे एकाच वेळी लागू होतात.

महाराष्ट्राला याचा अनुभव नवा नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी बंद मोटारीत अडकून, दारे-काचा न उघडल्याने काही जणांचा गुदमरून मृत्यू झाला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने सोसायट्यांच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्या उचलून नेल्या. २८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागाव नाल्याच्या पुलावरून एसटीची बस वाहून गेली आणि त्यात प्राणहानी झाली. मोटार, उभी गाडी आणि बस अशी ही तीन वेगवेगळी उदाहरणे आहेत. त्यांमागचे विज्ञान एकच आहे.

लोखंड तरते कसे?

प्रारंभ आर्किमिडीजपासून करावा लागतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या या गणितज्ञाने मांडलेले तत्त्व असे, की द्रवात बुडालेली वस्तू जेवढा द्रव बाजूला सारते, तेवढ्या द्रवाच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते. वस्तू लोखंडाची आहे की लाकडाची, याच्याशी या बलाला कर्तव्य नाही. त्याला फक्त आकारमान कळते. म्हणूनच सुई बुडते आणि हजारो टनांचे जहाज तरते.

मोटार म्हणजे एका अर्थाने चाकांवर ठेवलेले जहाजच. पत्र्याची पेटी, आत बहुतांशी हवा. धूळ, आवाज आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून दारांना रबरी पट्ट्या बसवलेल्या असतात. याच पट्ट्या पुरात काही मिनिटे पाणी बाहेर रोखून धरतात आणि गाडीची होडी करतात.

आता थोडे गणित. शहरात सर्रास दिसणाऱ्या छोट्या मोटारीचे वजन सुमारे ९०० किलो धरू. इंजिनाचा भाग खालून उघडा असतो, तिथे पाणी शिरते. तो वगळला तर प्रवासी बसतात तो भाग आणि डिकी मिळून तळाचे क्षेत्रफळ साधारण तीन चौरस मीटर भरते. गाडीचा तळ जमिनीपासून सतरा सेंटिमीटर उंच आहे असे समजू. पाणी तळाला टेकेपर्यंत फारसे काही घडत नाही. टायर तेवढे थोडेफार वर ढकलले जातात. तळाच्या वर पाणी चढू लागले, की दर दहा सेंटिमीटरला गाडी तीनशे लिटर पाणी बाजूला सारते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे दर दहा सेंटिमीटरला गाडीचे वजन तीनशे किलोंनी 'कमी' होते. तळापासून तीस सेंटिमीटर, अर्थात रस्त्यापासून सत्तेचाळीस सेंटिमीटर पाणी झाले, की नऊशे किलोंचा हिशेब मिटला. हे पाणी जेमतेम दीड फूट असते, उभ्या माणसाच्या गुडघ्याइतके.

प्रत्यक्षात गाडी पूर्ण जलरोधक नसते, पाणी थोडे थोडे आत येतच असते. त्यामुळे ती याहून किंचित खोल पाण्यात तरंगते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या अभियंत्यांनी खऱ्या गाड्या पाण्यात उभ्या करून याची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे एक टन वजनाची छोटी टोयोटा यारिस साठ सेंटिमीटर पाण्यात पूर्णपणे तरंगली. अडीच टनांची निस्सान पेट्रोल ही दणकट गाडी पंचाण्णव सेंटिमीटरला तरंगली. वजन अडीचपट, पण तरंगण्याच्या खोलीत फरक जेमतेम एका हाताचा. 'आपली गाडी मोठी आहे' या भरवशाची किंमत एवढीच.

गाडीत माणसे भरली की ती जमिनीला धरून राहील, असाही एक समज आढळतो. चार माणसांचे वजन पावणेतीनशे किलो धरले, तर वरच्या हिशेबाने तेवढ्यासाठी आणखी नऊ सेंटिमीटर पाणी पुरेसे होते. बदल्यात चार जीव पणाला लागतात.

तरंगण्याच्या आधीच सुटते

मात्र गाडी वाहून जाण्यासाठी ती पूर्ण तरंगावी लागते, हा गैरसमज अधिक महत्त्वाचा आहे. गाडी रस्त्याला धरून असते ती केवळ घर्षणामुळे. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण दोन गोष्टींवर ठरते: टायर रस्त्यावर किती जोराने दाबला जातो आणि दोन्ही पृष्ठभाग कसे आहेत. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ ते ०.८ असतो. रस्ता ओला झाला की तो बराच घटतो. पुराच्या पाण्याखाली गाळ, चिखल, शेवाळे असते. तिथे सुरक्षेचे गणित मांडताना अभियंते ०.३ हाच आकडा धरतात.

पाणी गाडीच्या तळाच्या वर वीस सेंटिमीटर चढले आहे, म्हणजे रस्त्यावर सव्वा फुटाच्या आसपास पाणी आहे, असे समजा. प्लावक बलाने सहाशे किलो उचलले. रस्त्यावर दाब देणारे वजन उरले तीनशे किलो. त्याच्या ०.३ पट म्हणजे नव्वद किलो. गाडीला जागेवर धरून ठेवणारे बल आता एवढेच. कोरड्या रस्त्यावर हेच बल साडेसहाशे किलोंच्या घरात होते. गाडीच्या आत बसलेल्या चालकाला यातले काहीही जाणवत नाही. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, कदाचित रेडिओही चालू आहे.

दुसऱ्या बाजूने पाण्याचा प्रवाह गाडीला रेटत असतो. हे बल प्रवाहाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; वेग दुप्पट तर रेटा चौपट. वरच्याच परिस्थितीत पाणी आडवे वाहत असेल आणि त्याचा वेग सेकंदाला एक मीटर असेल, तर गाडीच्या बाजूवर सुमारे चाळीस किलोंचा रेटा येतो. नव्वद किलोंचे घर्षण त्याला पुरून उरते. वेग सेकंदाला दीड मीटर झाला की रेटा नव्वदच्या घरात पोहोचतो आणि सामना बरोबरीत सुटतो. दोन मीटरला तो एकशे साठ होतो आणि गाडी आडवी सरकू लागते. सेकंदाला दोन मीटर म्हणजे ताशी सव्वासात किलोमीटर, भरभर चालणाऱ्या माणसाहून थोडा अधिक वेग. फुगलेल्या ओढ्याला एवढा वेग सहज असतो.

इंजिन पुढे असल्याने बहुतेक मोटारींचा मागचा भाग हलका असतो. साहजिकच आधी मागची चाके उचलली जातात. हँडब्रेक सामान्यतः मागच्या चाकांनाच लागतो. ती अधांतरी असतील तर तो ओढून उपयोग नाही. पुढची चाके टेकलेली, मागची सुटलेली, अशा अवस्थेत प्रवाह गाडीला पुढच्या चाकांभोवती दारासारखी फिरवतो. अनेक चित्रफितींत वाहून जाण्यापूर्वी गाडी अशी संथपणे वळताना दिसते, ती याचमुळे.

एसटीच्या बसचे गणित थोडे निराळे आहे. तिचा तळ उंच, वजन प्रचंड; ती तरंगायला बरेच पाणी लागते. पण तिची बाजूही लांबलचक असते, त्यामुळे आडव्या प्रवाहाचा रेटा मोटारीच्या कित्येक पट. शिवाय नाल्यावरच्या बुटक्या, कठडे नसलेल्या पुलावर फार सरकण्याची गरजच नसते. एक चाक कडेवरून घसरले की पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. आणि पाण्याखाली पुलाचा भराव जागेवर आहे की खचला आहे, हे वरून कोणालाही दिसत नाही.

दार का उघडत नाही

आता दाबाचा धडा. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो, पाण्याच्या साठ्यावर नाही. अरबी समुद्रात अर्धा मीटर खाली जेवढा पाण्याचा दाब, जवळजवळ तेवढाच अंधेरीच्या भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात अर्धा मीटर खाली. पाण्यात दर दहा सेंटिमीटर खोलीला प्रत्येक चौरस मीटरवर शंभर किलोंचा भार वाढत जातो.

मोटारीचे दार सुमारे एक मीटर रुंद असते. दाराच्या खालच्या कडेच्या वर तीस सेंटिमीटर पाणी असेल, तर दारावर पंचेचाळीस किलोंचा भार पडतो. दार बिजागरीवर फिरते, हाताचा जोर दुसऱ्या टोकाला लागतो. म्हणून प्रत्यक्षात पंचवीस किलोंच्या जोराने ते उघडते. धडधाकट माणूस खांदा लावून एवढे करू शकतो. पाणी साठ सेंटिमीटर झाले तर भार दुप्पट नव्हे, चौपट होतो: एकशे ऐंशी किलो. मग शंभर किलोंचा जोर हवा, तोही बसल्या जागेवरून. नव्वद सेंटिमीटरला भार चारशे किलोंपुढे जातो आणि प्रश्न संपतो. पाण्याची पातळी वाढत असताना 'अजून दोन मिनिटे पाहू' असे म्हणणाऱ्याला हे गणित फार महाग पडते.

आत-बाहेर पाणी समान झाले की दाब समान होतो आणि दार उघडते, हे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने खरे आहे. तोवर आतल्या माणसाचे डोके पाण्याखाली असते, एवढीच त्यातली अडचण. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्रा. गॉर्डन गिस्ब्रेख्त यांनी माणसांसह मोटारी पाण्यात उतरवून अनेक प्रयोग केले आहेत. वाट पाहण्याच्या कल्पनेला त्यांचा स्पष्ट विरोध आहे. गाडी तरंगत असते ते पहिले मिनिट हाच सुटकेचा काळ, असे ते सांगतात. पट्टा सोडायचा, काच खाली करायची, मुलांना आधी बाहेर काढायचे आणि मग स्वतः निघायचे, असा त्यांचा क्रम आहे. तरंगत्या गाडीचे दार उघडण्यात दुहेरी तोटा असतो: पाणी धो धो आत येते आणि इंजिनाच्या वजनाने नाक खाली करून गाडी झपाट्याने बुडते. काच मात्र त्या वेळी पाण्याच्या वर असते, तिच्यावर दाबच नसतो.

काच लवकर उघडण्यामागे घर्षणही आहे. पाणी काचेपर्यंत चढले की ती आतल्या बाजूला खाचेवर दाबली जाते. दाब वाढला की घर्षण वाढते, आणि वीज शाबूत असली तरी काच वर-खाली करणाऱ्या छोट्या मोटरची ताकद अपुरी पडते.

२००५ नंतर गाडीत छोटी हातोडी ठेवण्याचा सल्ला दिला जाऊ लागला. तो रास्त आहे, मात्र ती कुठे मारायची हेही ठाऊक हवे. पुढची काच दोन थरांमध्ये चिकट पापुद्रा घालून बनवलेली असते. तिला तडे जातात, भोक पडत नाही. बाजूच्या काचा सहसा कडक केलेल्या एकेरी काचेच्या असतात आणि टोकदार आघाताने त्यांचा चुरा होतो. येथेही दाबाचाच नियम आहे. तळहाताने पन्नास किलोंचा जोर लावला तर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम अर्धा किलो पडतो. तोच जोर एक चौरस मिलिमीटरच्या टोकावर एकवटला तर चौरस सेंटिमीटरला पाच हजार किलोंचा दाब निर्माण होतो. फटका काचेच्या मध्यावर नव्हे, कोपऱ्यात मारायचा. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही दुपदरी असतात. काचेच्या कोपऱ्यातील छापावर ते लिहिलेले असते. हातोडी डिकीत ठेवणे आणि न ठेवणे सारखेच.

पाणी ओसरल्यावर उभ्या गाडीचे इंजिन लगेच सुरू करून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. हवा दाबली जाते, पाणी जवळपास दाबलेच जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर वर येणारा दट्ट्या त्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढून, किल्ली न फिरवता गाडी ओढून गॅरेजपर्यंत नेली तर दुरुस्तीचा खर्च बराच आटोक्यात राहतो.