बोलणं कामाचं (भाग ७) : आधी 'काय करायचं' ते सांगा

मागच्या भागात सभागृहातल्या भाषणाबद्दल लिहिलं. आज पुण्याजवळच्या खडकवासला धरणाच्या भिंतीवर जाऊ. पाऊस कोसळतोय, विसर्ग वाढवायचा आहे आणि अभियंत्यांसमोर चार चॅनेलचे बूम आले आहेत. साहेब सुरू होतात, "पाणलोट क्षेत्रात काल रात्रीपासून होत असलेल्या मुसळधार पावसामुळे पाणीसाठ्यात लक्षणीय वाढ झालेली असून, त्या अनुषंगाने..."

इथवर येईतो बाइट, म्हणजे बातमीत दाखवला जाणारा बोलण्याचा तुकडा, संपलेला असतो. बातमीत तेवढंच लागतं आणि मुठेकाठच्या माणसाला त्यातून काहीच हाती लागत नाही.

ही सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून आपण प्रस्तावना, विवेचन, निष्कर्ष याच क्रमाने ऐकत आलो. सरकारी टिपणीही तशीच असते. व्याख्यानाला ते शोभतं. बाइटला क्रम नेमका उलटा लागतो. साहेबांनी असं म्हणायला हवं : "दुपारी चारला मुठेचं पाणी वाढणार आहे. भिडे पूल पाण्याखाली जाईल. नदीपात्रातल्या गाड्या आत्ताच काढा." कारणं त्यानंतर.

क्युसेकही त्यानंतरच. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, तेव्हा ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर पाणी. खात्यात हा आकडा ऐकताच सगळ्यांच्या भुवया उंचावतात. तळमजल्यावरच्या आजींना मात्र त्यावरून घर सोडायचं की नुसता फ्रिज उचलून ठेवायचा, हे कळत नाही.

मग येतो खोचक प्रश्न : "हा निष्काळजीपणा नाही का?" साहेब तडकतात, "निष्काळजीपणा अजिबात झालेला नाही!" झालं. पडद्याखालच्या पट्टीत तोच शब्द फिरू लागतो, आणि तोही साहेबांच्या नावावर. बातमीदाराचा शब्द उचलू नये. "महापालिकेला आम्ही अमुक वाजता कळवलं" एवढं सांगावं. अर्थात, कळवलं असेल तरच.

धीर देतानाही जीभ घसरते. आर. आर. पाटील यांच्यासारखा सभा जिंकणारा वक्ता मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर पत्रकारांसमोर मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतात, अशा अर्थाचं हिंदीत बोलून गेला. १ डिसेंबर २००८ ला त्यांना उपमुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. हल्ला किंवा अपघात किती मोठा, हे ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासमोर आपण ठरवू नये.

या आठवड्यात आपल्या कामातली एखादी घडामोड तीन वाक्यांत मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ती घरातल्या, तुमच्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला ऐकवा. त्याला काय करायचं ते कळलं नाही, तर पहिलं वाक्य बदला. पुढच्या भागात फोनोबद्दल, म्हणजे चॅनेलला फोनवरून दिलेल्या प्रतिक्रियेबद्दल.