बोअर खोल जाते, पाणी तेवढंच!

उन्हाळा लागला की बोअरची गाडी गावोगाव फिरू लागते. पारावर एकच विषय. "आबा, तुमची किती फुटांवर गेली?" "तीनशे. अन् तुझी?" "साडेतीनशेला नुसती ओल लागली."

यात वेडं कोणीच नाही, हे आधी ध्यानात घ्या. समजा, दोघा बांधकऱ्यांच्या रानाखाली खडकात एकच पाणीसाठा आहे. दोघंही दोनशे फुटांवर थांबले तर दोघांचाही एकेक एकर कांदा निघतो. पण प्रत्येकाचा हिशेब असा, की शेजारी थांबला अन् मी खोल गेलो तर पाणी माझ्याकडं; तो खोल गेला अन् मी थांबलो तर मी कोरडा. म्हणजे त्यानं काहीही करो, मी खोल गेलेलंच बरं. तोही हेच म्हणतो. शेवटी दोघंही चारशे फुटांवर, पाणी होतं तेवढंच, अन् बोअरचं कर्ज डोक्यावर.

गणितात याला 'कैद्यांचा पेच' म्हणतात. 1950 साली अमेरिकेत तो मांडला गेला. दोन कैदी वेगवेगळ्या कोठड्यांत. दोघं गप्प राहिले तर थोडक्यात सुटतात. पण दुसरा आपलं नाव घेईल या धास्तीनं दोघंही बोलतात अन् जादा सजा भोगतात.

कैद्यांना एकमेकांशी बोलता येत नव्हतं. आपल्याला ग्रामसभा आहे! पुरंदर तालुक्यातल्या नायगावात 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापानं नाही, तर माणशी अर्ध्या एकराला. कुटुंबाला फार तर अडीच एकर. ऊस बंद. भूमिहीनालाही वाटा. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घेणंच बंद केलं. तिथं पाऊस मोजून पाण्याचा जमाखर्च मांडतात. आधी माणसं-जनावरांचं पिणं, उरेल त्यावर रब्बीचं क्षेत्र. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी देशोदेशीची गायरानं, जंगलं, पाटपाणी अभासून हेच दाखवलं, की गावं आपले नियम आपण करून पाळू शकतात. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग गावोगाव हे का होत नाही? इथं दुसरी गंमत आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं 1978 साली ती दाखवली. त्यांचं उदाहरण दंगलीचं, पण आपण ग्रामसभेचं घेऊ. सभेत शंभर माणसं. पहिला कुणाची वाट न बघता हात वर करतो. दुसरा एक हात दिसल्यावर, तिसरा दोन दिसल्यावर, अशी ओळ. शंभरही हात वर जातात. आता त्या दुसऱ्यानं एकाऐवजी दोन हातांची वाट बघायचं ठरवलं, तर? पहिल्याचा हात तेवढा वर राहतो, बाकी नव्व्याण्णव खाली. माणसं जवळपास तीच, पण ठराव बारगळला. आपण म्हणतो, "गावात एकी नाही."

तेव्हा सरपंच, ग्रामसेवकांनी ठराव थेट सभेत टाकू नये. आधी घरोघर विचारावं, "बाकीचे थांबले तर तुम्ही थांबाल का?" किती जण हो म्हणाले तो आकडा सभेत वाचावा. अन् पहिला हात एकट्या सरपंचाचा असून भागत नाही. ज्याच्या रानात तीन-तीन बोअर आहेत, त्याच्या घरी आधी चहाला जावं. तो "बघू" म्हणाला, तर पुन्हा जावं.