आईच्या साडीचं परकर-पोलकं



आपल्याकडे जुने कपडे साठले की बोहारीण यायची. दोन साड्या, एक पँट देऊन स्टीलचं पातेलं घ्यायचं, तेही भरपूर घासाघीस करून! इथे जर्मनीत बोहारीण नाही, कोपऱ्यावर आल्टक्लायडर-कंटेनर असतो. १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात जुनं कापड वेगळं गोळा करण्याची सोय बंधनकारक झाली आहे. पण कंटेनरमध्ये टाकायचे ते धड आणि स्वच्छ कपडे. मग विरलेल्या साडीचं काय करायचं?

आई गेल्यावर तिची एक रेशमी इरकल मी बॅगेत घालून आणली. नेसवेना, आणि कुणाला देणं तर शक्यच नव्हतं. आठ वर्षं कपाटात राहिली. गेल्या वर्षी उघडली, तर घड्यांवर रेशीम चिरलेलं! नुसती जपून ठेवल्याने साडी टिकत नाही, हे तेव्हा कळलं. सहा वर्षांच्या लेकीसाठी परकर-पोलकं शिवायचं ठरवलं, तरी कात्री लावायला दोन दिवस लागले.

धीर दिला तो शेजारच्या जर्मन आजींनी. युद्धानंतर त्यांचा शाळेचा कोट लष्करी कांबळ्याचा शिवला होता म्हणे! जर्मनीत नोव्हेंबर १९३९ मध्ये कपड्यांचं रेशनकार्ड आलं. वर्षाला १०० गुण, त्यातच सगळं भागवायचं. युद्ध संपल्यावरही कापड मिळेना, तेव्हा गणवेश, कांबळी, पडदे उसवून कपडे शिवले गेले. ‘आउस आल्ट माख नॉय’, म्हणजे जुन्यातून नवं कर, हे इथल्या आज्यांच्या तोंडी असतं ते उगीच नाही. पुढे १९५० मध्ये ऑफेनबुर्गच्या एन्ने बुर्डा यांनी ‘बुर्डा मोडेन’ मासिक काढलं आणि १९५२ पासून त्यात कपड्यांचे कागदी नमुने येऊ लागले. घरोघरी शिवणाऱ्या बायकांची मोठी सोय झाली. (ते नमुने वापरत असाल तर लक्षात ठेवा: त्यात शिलाईची जागा धरलेली नसते. कडेने दीड सेंटिमीटर सोडूनच कापा!)

आता कृती.

१. पारख: साडी खिडकीसमोर उजेडात धरा. विरलेल्या जागा दिसतील. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहा. चर्र झालं तर तो भाग सोडा. साडीचा मधला भाग सहसा लवकर विरतो, काठ जास्त टिकतात.

२. परकर: कमरेपासून घोट्यापर्यंत ६५ सेंमी, नेफ्यासाठी ४ आणि वाढत्या अंगासाठी ८, असे ७७ सेंमी. साडीचा काठच खाली येऊ द्या, म्हणजे हेम घालावं लागत नाही. घेर दोन मीटर. नेफ्यात नाडीऐवजी इलास्टिक घाला, मुलींना सोपं जातं.

३. वाढीची घडी: काठाच्या वर दोन-दोन सेंमीच्या दोन आडव्या घड्या घालून लांब टाक्यांची टीप मारा. एका घडीत ४ सेंमी कापड जातं. मुलगी वाढली की एक घडी उसवायची. परकर दोन-तीन दिवाळ्या सहज चालतो.

४. पोलकं: साडीचा पन्हा साधारण ११५ सेंमी असतो, म्हणजे वर ३८ सेंमीची, दुसऱ्या काठाची पट्टी उरते. दोन मीटर लांबीच्या या पट्टीत लहान मुलीचं पोलकं बाह्यांसकट बसतं. काठ बाह्यांना घ्या.

५. अस्तर: जुन्या रेशमाला मलमलीचं अस्तर हवंच, म्हणजे ताण अस्तरावर येतो. मशीनला ६० किंवा ७० नंबरची बारीक सुई लावा. इस्त्री मंद, आणि वर सुती फडकं ठेवून. जरीवर थेट इस्त्री नको!

साडीला हात लावायला भीती वाटत असेल तर नवऱ्याच्या जुन्या शर्टापासून सुरुवात करा. शर्टाची बटणपट्टी तशीच ठेवून ती मागच्या बाजूला घेतली, की फ्रॉकला काजं करायचा त्रास वाचतो. मशीन नसेल तर फोल्क्सहोखशूलेच्या शिवणवर्गाची चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी मशीन तिथेच वापरायला मिळतं.

उरलेल्या तुकड्यांची गोधडी करावी. जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक घालून धावदोरा घातला की झालं. मशीनही लागत नाही.

आमचं परकर-पोलकं दिवाळीला तयार झालं. शेजारच्या आजींनी परकर उलटा करून आधी आतली घडी पाहिली आणि हसल्या. त्यांच्या कोटालाही तशीच घडी होती! लेकीने गिरकी घेतली आणि विचारलं, “हे आज्जीचं आहे की माझं?”

मी म्हटलं, “दोघींचं.”

तुमच्या कपाटातली साडी एकदा उघडून पाहा. निदान घडी तरी बदला!