शीर जुळली, पण सरकते का?

बोटाची शीर शिवून महिना झालेला असतो. टाके निघालेले, जखम भरलेली, तरी बोटाचे टोक काही वाकत नाही. यामागे बहुधा दोनपैकी एक कारण असते. शिवलेले टेंडन, म्हणजे हीच शीर, आतल्या आत पुन्हा तुटलेले असते, नाहीतर ते शाबूत असून भोवतालच्या ऊतींना चिकटलेले असते. वरून दोन्ही बोटे सारखीच. उपचार मात्र अगदी उलटे. तुटले असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया, तीही लवकर. चिकटले असेल तर आधी काही महिने व्यायाम, आणि तेवढ्याने भागले नाही तरच ते सोडवण्याची शस्त्रक्रिया. हा निवाडा करायला कामी येते ते आपल्या ओळखीचे सोनोग्राफी यंत्रच. फक्त त्वचेवर टेकवायचा प्रोब वेगळा लागतो.

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, दौलताबाद-वेरूळच्या वाटेवरच्या पडेगावात असे हात का जखमी होतात, हे कोणी सांगायला नको. वाळूज एमआयडीसीतले पत्र्याचे प्रेस आहेत, गोठ्यातली कडबाकुट्टी आहे, आणि संक्रांत आली की नायलॉन मांजा. ज्याला खासगी दवाखाना परवडत नाही, तो छावणी ओलांडून घाटी गाठतो. 1956 साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला मराठवाडा याच नावाने ओळखतो.

तळहाताच्या वरच्या रेषेपासून मधल्या पेरापर्यंतचा भाग टेंडन शिवायला सर्वांत अवघड. तिथे बोट वाकवणारी दोन टेंडन एकाच अरुंद नळीतून जातात. अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी या पट्ट्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले; इथे शिवण घातली की चिकटण्याची भीती फार. म्हणून आता शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत, स्प्लिंट ठेवूनच, बोट बेताने हलवायला शिकवतात. मात्र पहिल्या दोन आठवड्यांत शिवण नाजूक असते. जास्त हलवले तर तुटते, कमी हलवले तर चिकटते.

एक्स-रेत हाडे दिसतात, टेंडन नाही. एमआरआयमध्ये टेंडन छान दिसते, पण हात निश्चल ठेवून. सोनोग्राफीत ते सरकताना दिसते. पोटाचा प्रोब साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झचा असतो. बोटासाठी 10 ते 18 मेगाहर्ट्झचा सपाट लिनियर प्रोब घेतात. तो खोलवर पाहू शकत नाही, पण त्वचेखालच्या काही मिलिमीटरांतले बारकावे टिपतो. निरोगी टेंडन पडद्यावर चकचकीत समांतर रेघांसारखे दिसते. शिवलेले टेंडन जाड आणि काळपट होते, मध्ये टाक्यांचे पांढरे ठिपके दिसतात. ही जाडी कित्येक महिने राहते. तेवढ्यावरून बिघाड झाला असे ठरत नाही.

खरी तपासणी पुढेच. डॉक्टर एका हाताने प्रोब धरतात, दुसऱ्या हाताने बोटाचे टोक वाकवतात आणि सोडतात. मग रुग्णाला स्वतः वाकवायला सांगतात. तुटलेल्या टेंडनची दोन टोके दूर राहतात, एक हलले तरी दुसरे जागचे हलत नाही. चिकटलेले टेंडन सलग दिसते, पण जेमतेम सरकते किंवा आसपासच्या ऊतींना सोबत ओढते. टोकांमधली फट 3 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर शिवण कमजोर राहण्याचा धोका वाढतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. यात एक फसगत होऊ शकते: प्रोब जरा कलला की निरोगी टेंडनही काळे दिसते आणि तुटल्याचा भास होतो. म्हणून सराव झालेला डॉक्टर प्रोब पुढेमागे कलवून खात्री करून घेतो.

यंत्र बोटासाठी वापरले तरी 1994 च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यातून त्याची सुटका नाही. नोंदणी लागते, भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटीही लागते, आणि यंत्र काखोटीला मारून वाटेल तिथे नेता येत नाही; त्यामुळे रुग्णालाच यंत्रापाशी जावे लागते.

पडेगावच्या कामगाराने तपासणीला जाताना शस्त्रक्रियेचा कागद बरोबर न्यावा आणि लिनियर प्रोब आहे का, बोट हलवून पाहणार का, हे आधीच विचारावे. ‘टेंडन सलग आहे’ एवढ्याच अहवालावर सर्जनला पुढचे पाऊल टाकता येत नाही; ते सरकते का आणि कुठे अडते, हेही त्यात लिहिलेले हवे.