नळावरचा पांढरा थर आणि ॲसिडची बाटली

नळाच्या तोंडाशी पांढरी कड, शॉवरची निम्मी भोके बुजलेली, काळ्या टाइलवर कितीही पुसले तरी पुन्हा उमटणारे ठिपके. नाशिकमध्ये बोअरच्या पाण्यावर भिस्त असलेल्या कुठल्याही इमारतीत हे दृश्य दिसते. शहराच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचे. पावसाचे हे पाणी वाहून धरणात येते, खडकाशी त्याचा सहवास थोडा, म्हणून ते तुलनेने मऊ. बोअरचे पाणी मात्र काळ्या पाषाणाच्या भेगांतून दीर्घकाळ मुरत आलेले असते. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत जाते. हेच जड पाणी, शाळेच्या पुस्तकातले ‘दुष्फेन’.

याच पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे देखणे स्फटिकही तयार होतात. पांडवलेणीच्या परिसरातल्या खाणींचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात. गंमत अशी, की झिओलाइट पाण्यातले कॅल्शियम पकडून बदल्यात सोडियम सोडते आणि पाणी मऊ करण्याची सुरुवातीची यंत्रे याच तत्त्वावर निघाली. आजच्या सॉफ्टनरमध्ये त्याच कामासाठी रेझिनचे मणी असतात. दुखणे आणि औषध एकाच खडकात!

अनेक सोसायट्यांत दोन्ही पाणी एकाच टाकीत पडते. उन्हाळ्यात बोअरचा वाटा वाढला की त्याच घरातले पाणी जड होते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर अर्धी बाटली पाण्यात साध्या साबणाचा कीस टाकून जोरात हलवावे. फेस न होता दुधाळ साका आला तर पाणी जड. नेमका आकडा प्रयोगशाळेतच कळतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

पहिली धास्ती मुतखड्याची असते. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही, आणि जड पाण्यानेच खडे होतात असे अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही. उलट पाणी कमी पिणे हे खड्याचे मोठे कारण आहे. चव आवडत नाही म्हणून पाणी टाळणारा माणूस जास्त धोक्यात असतो. आंघोळीत साबणाचा साका त्वचेवर आणि केसांवर बसतो, त्याने कोरडेपणा जाणवतो, इतके खरे.

खरा प्रश्न गिझरचा आहे. पाणी तापले की विरघळलेला चुना दगड होऊन खाली बसतो. हिशेब करून पाहा. जडपणा ४०० असेल आणि रोज १०० लिटर पाणी तापत असेल, तर वर्षभरात साडेचौदा किलोच्या आसपास क्षार गिझरमधून जातात. त्यातला थोडा भाग जरी आत राहिला, तरी एलिमेंटवर कवच चढते, पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढते आणि शेवटी एलिमेंट जळते. थर्मोस्टॅट खाली ठेवला तर थर कमी बसतो. वर्षातून एकदा, पाणी फार जड असेल तर दोनदा, टाकी उघडून साफ करून घ्यावी. टाकीला गंजू न देता स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडीही त्याच वेळी तपासावी.

गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून थोडे थेंब गळणे स्वाभाविक आहे. पण ‘गळतंय’ म्हणून त्याला बूच मारणारे महाभाग आहेत, आणि क्षारांनी तो आपोआपही जाम होतो. थर्मोस्टॅट बिघडला आणि हा व्हॉल्व्ह बंद असला, तर वाफेचा दाब टाकी फोडू शकतो. सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाकडून तो आवर्जून तपासून घ्या.

थर काढायचा म्हटले की बहुतेक घरांत संडास धुण्याची ॲसिडची बाटली निघते. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. पांढरा थर त्याने जातो, पण नळाची चकाकीही जाते, आणि शहाबादी फरशी किंवा कडप्पा तर मुळात चुनखडीचेच दगड, तेही खाल्ले जातात. त्याहून वाईट म्हणजे त्याच फरशीवर ब्लीचिंग पावडर पडली, तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, दम लागतो. अशा वेळी ‘एवढं धुऊन घेते’ म्हणत आत थांबू नये. लगेच मोकळ्या हवेत यावे, दार उघडे ठेवावे. दम लागत असेल किंवा दम्याचा त्रास असेल तर थेट रुग्णालय गाठावे, कारण फुप्फुसांना सूज काही तासांनीही येऊ शकते. डोळ्यात थेंब उडाला तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

नळ-शॉवरला लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड, पुरते. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे घालून ते प्लास्टिकच्या पिशवीत भरावे, पिशवी शॉवरला रबराने बांधावी, अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासावे. हेही ब्लीचिंगबरोबर वापरायचे नाही आणि शहाबादीवर सांडू द्यायचे नाही. नळाच्या तोंडाची जाळी महिन्यातून एकदा फिरवून काढली की धार पुन्हा सरळ होते.

फ्लश टँककडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. वॉशरवर क्षार बसले की तो नीट मिटत नाही आणि पाणी गुपचूप वाहत राहते. रात्री झोपताना टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर सकाळी प्लंबरला बोलवा.