परसातील अंजीर : पावसाचे फळ आणि उन्हाचे फळ

"झाडाला अंजिरे लागतात, पण फिकी निघतात, नाहीतर फुटून गळतात. झाड ठेवावे की तोडावे?" असा प्रश्न पावसाळ्याच्या अखेरीस आम्हांस हमखास ऐकू येतो. आमचे सांगणे एवढेच की, तोडण्याची घाई करू नये. दोष बहुधा झाडाचा नसून हंगामाचा असतो.

अंजिराला कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन मानवते. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका अंजिरासाठी प्रसिद्ध आहे, त्याचे एक कारण तेथील कोरडे हवामान. २०१६ साली पुरंदरच्या अंजिरास भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील शेतकरी दोन बहार ओळखतात. पावसाळ्यात वाढणारा तो खट्टा बहार आणि उन्हाळ्यात पिकणारा तो मीठा बहार. नावांतच सारे आले. ढगाळ, दमट हवेत फळात पाणी वाढते, गोडी भरत नाही आणि पानांवर तांबेरा पडून ती गळतात.

आपल्याकडे अथणी-गोकाकची हवा कोरडी, तर खानापूर व गोव्याकडे पाऊस फार. म्हणून घाटाकडील बांधवांनी मीठा बहारच धरावा. पाणी साचणार नाही अशी, दिवसभर उन्हाची जागा निवडावी. पुणे अंजिराचे एकटे झाडही फळते. त्यास परागीकरण लागत नाही. वर्षभराची, पेन्सिलीएवढी जाड, सुमारे एक फूट लांबीची फांदी लावली तरी ती मुळे धरते.

पाऊस उघडल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात हलकी छाटणी करावी, कारण फळ नव्या फुटीवर येते. गळलेली रोगट पाने गोळा करून जाळावीत. मग एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी दहा लिटर पाण्यास १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना घ्यावा. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत. लोखंडी भांडे वापरू नये. बुंध्याभोवती माती भुसभुशीत करून कुजलेले शेणखत घालावे. फळे पोसत असता पाणी नेमाने द्यावे. कोरड पडून एकदम भरपूर पाणी मिळाले की फळ तडकते.

अंजीर तोडल्यावर पिकत नाही. देठ मऊ होऊन फळ खाली झुकले व रंग पालटला, की सकाळी तोडावे. चीक अंगास लागू देऊ नये. त्यावर ऊन लागल्यास कातडी भाजल्यासारखी होते. ताज्या अंजिरात चोथा भरपूर असल्याने पोट साफ राहते. सुक्या अंजिरात मात्र साखर एकवटलेली असते, म्हणून मधुमेहाच्या रोग्यांनी बेतानेच खावे.

शुभवर्तमानातील दाखल्यात माळ्याने निष्फळ अंजिरासाठी आणखी एक वर्ष मागून घेतले, ते भोवती खणून खत घालण्यासाठी. आपणही आपल्या झाडाला एक उन्हाळा द्यावा आणि मगच कुऱ्हाडीचा विचार करावा.